शेगडीची बडदास्त

ज्या पुरुषाने जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळलेला नाही, तो मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी सात वाजता डोक्यावर टोपी, हातात रबरी मोजे आणि गुडघ्यांखाली जुना टॉवेल अशा थाटात घरामागच्या डेकवर बसून काहीतरी घासत असेल, तर खुशाल समजावं की आपण न्यू जर्सीत आहोत आणि ती वस्तू म्हणजे स्टेनलेस स्टीलचं ग्रिल आहे. त्याच वेळी त्याच घरात सिंकमध्ये आदल्या रात्रीची कढई भिजत पडलेली असते. तिच्याकडे त्याचं लक्ष जात नाही. कढई घराची, ग्रिल त्याचं. ही वाटणी कुणी केली कळायला मार्ग नाही, पण आमच्या अख्ख्या गल्लीत ती पाळली जाते. इथे आल्यावर आम्हा मराठी पुरुषांनी ग्रीन कार्डाच्याही आधी काही मिळवलं असेल, तर ते हे घासण्याचं वेड.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा मेमोरियल डे. सुट्टी खरी तर शहीद सैनिकांच्या स्मरणाची, पण त्या दिवसापासून लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, ग्रिलचा हंगाम असतो. हंगामाच्या आधीचे शनिवार घासण्यात जातात, हंगामातले रविवार भाजण्यात आणि सोमवारची संध्याकाळ पुन्हा घासण्यात. हिशेब केला तर भाजलेलं खाण्याला मिळणारा वेळ फारच थोडा. पण हिशेब करायला वेळ कुणाला आहे?

आम्ही ग्रिल घेतलं ते वांग्यापायी. घरात काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी आहे. तिच्यावर दूध उतू जातं, पण वांगं भाजत नाही. भाजायला ठेवलं की वांग्याच्या आधी छताला लावलेला धुराचा भोंगा तापतो आणि कोकलायला लागतो. मग मी स्टुलावर चढून त्याला वर्तमानपत्राने वारा घालतो, बायको खिडक्या उघडत सुटते आणि वरच्या खोलीतून मुलगी ओरडून विचारते, "आज भरीत का?" तेव्हा वांगं घराबाहेर भाजायचं ठरलं. त्यासाठी कोळशाची छोटी शेगडी पुरेल, हे बायकोने दुकानात शिरायच्या आधी सांगितलं आणि शिरल्यावरही सांगितलं. पण समोर ते उभं होतं. ओळीने पाच बर्नर, बाजूला सहावा, खाली दोन कपाटं, दर्शनी भागी तापमापक, आणि झाकण असं लखलखीत की त्यात मी मला दिसलो. तोही जरा रुंद खांद्यांचा.

"काय काय ग्रिल करता आपण?" विक्रेत्याने विचारलं.

"वांगं," बायको म्हणाली.

"आणि?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "मका," मी म्हणालो.

विक्रेता क्षणभर गप्प झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "यावर एका वेळी तीस बर्गर बसतात." मी मनातल्या मनात जाळीवर तीस वांगी मांडून पाहिली आणि कार्ड काढलं.

या सगळ्याचं मूळ शिकागोतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन या गृहस्थांना आपल्या उघड्या शेगडीचा वैताग आला होता. वारा आला की राख उडायची, पाऊस आला की सगळंच विझायचं. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनत, धातूचे दोन अर्धगोल जोडून. १९५२ साली स्टीफननी खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्याचं झाकण केलं. तीच पुढे वेबरची गोल शेगडी म्हणून जगभर गेली. तिला वरून एनॅमल असे. फडकं मारलं की काम संपलं. पुढे कुणाला तरी याच कामासाठी स्टेनलेस स्टील सुचलं आणि पुरुषजातीचे शनिवार कायमचे गेले.

पहिल्याच भरितानंतर झाकणावर मधोमध पिवळसर सोनेरी डाग उमटला आणि त्याच्या कडेने जांभळट झाक आली. मी घासलं. डाग हलला नाही. माहितीपुस्तिका उघडली, तर तीत लिहिलं होतं की स्टील फार तापलं की वरचा ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्यामुळे हे रंग दिसतात. हा दोष नाही, नैसर्गिक प्रकार आहे. पुस्तिकेत ज्याला नैसर्गिक म्हटलं असेल त्याचे पैसे परत मिळत नाहीत, एवढं अमेरिकेत राहून मला कळतं.

"छान दिसतंय की," बायको म्हणाली. "पैठणीला अशी दुरंगी झाक हवी असेल तर जास्त पैसे पडतात."

मी कामावरच्या मित्राला फोन केला. हा मित्र यंत्र अभियंता. भारतात त्याने पदवी घेतली आणि इथे आल्यापासून संगणकाचंच काम केलं, त्यामुळे धातुशास्त्र त्याच्या अंगात वर्षानुवर्षं तुंबून राहिलं होतं. तो तासाभरात आला. ग्रिलभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजवरचा दगडूशेठ गणपतीचा चुंबक काढून आणला आणि झाकणावर टेकवला. गणपती घसरून खाली पडला.

"३०४," तो म्हणाला. "अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. चांगलं आहे."

मग त्याने गणपती खालच्या कपाटाच्या दाराला लावला. तिथे तो घट्ट बसला.

"४३०," मित्राचा चेहरा उतरला. "यात निकेल नाही. हे गंजणार."

"कधी?"

"ते नशिबावर असतं," धातुशास्त्र म्हणालं.

तो गेल्यावर कळलं की गणपती कपाटालाच राहिला आहे. तो काढावा तर विघ्नहर्त्याला गंजणाऱ्या भागावरून हटवल्यासारखं होईल. ठेवावा तर वर चिकन आणि खाली गणपती. शेवटी बायकोने चिकनपासून सुरक्षित अंतर म्हणून त्याला पुन्हा फ्रिजवर नेलं. त्या फ्रिजमध्येही चिकन होतं, पण दार बंद होतं.

डावीकडे राहणारे शेजारी निवृत्त आहेत. आम्ही त्यांना घरात ब्रिस्केट आजोबा म्हणतो, कारण गाईच्या छातीचं मांस मंद धुरावर रात्रभर शिजवत ठेवून ते खुर्ची टाकून त्याच्या उशाशी बसतात. त्यांचंही ग्रिल स्टीलचं. ते कधी वापरतात ते कळत नाही, कारण धुराचं काम दुसऱ्या काळ्या पिंपात चालतं आणि हे मात्र कायम झळाळत असतं. मी स्क्रबरने गोल गोल घासतो आहे हे कुंपणापलीकडून पाहून ते हातातली कॉफी ठेवून धावतच आले.

"थांब! रेघा दिसत नाहीत का तुला?"

"कसल्या रेघा?"

त्यांनी माझं बोट धरून झाकणावर टेकवलं. स्टीलला लाकडाइतक्याच स्पष्ट रेघा असतात. घासायचं ते रेघांच्या दिशेने. आडवं किंवा गोल घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि उन्हात ते सगळे मोजता येतात. हे सांगताना त्यांचा आवाज हळुवार झाला, आणि जावळ काढलेल्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा त्यांचा हात झाकणावरून फिरला. मग त्यांची नजर माझ्या बादलीत गेली. तिथे तारेची काळी घासणी होती.

"ही याला लावलीस?"

"अजून नाही."

त्यांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. साध्या पोलादाच्या घासणीचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि मग ते कण गंजतात, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. ब्लीच लावायचं नाही, कारण क्लोरीन. मिठाचं पाणी साठू द्यायचं नाही, कारण तेच. व्हिनेगर चालेल. साबणाचं कोमट पाणी उत्तम. पुसायचं लगेच, नाहीतर पाण्याच्या थेंबांचे डाग. शेवटी खनिज तेलाचा अगदी पातळ हात. "आणि मग?" मी विचारलं. "मग त्यावर काही भाजू नकोस," आजोबा म्हणाले, आणि त्यात विनोद नव्हता.

जाळ्यांचं प्रकरण वेगळं. जाळी घासायला मी पितळी तारांचा ब्रश आणला होता. तो बायकोने हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात टाकला. ऱ्होड आयलंडमधल्या काही रुग्णांच्या पोटात आणि घशात अशा ब्रशाच्या तारा सापडल्या होत्या. तार ब्रशातून जाळीला, जाळीतून खाण्याला आणि तिथून माणसाला. याचा अहवाल २०१२ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेच छापला आहे. बायकोला तो तोंडपाठ आहे. "वांगं नाही खाल्लं तर मरत नाही," ती म्हणाली, "तार खाल्ली तर आतडं शिवायला लागतं." तेव्हा तारेचा ब्रश बाद. मग नायलॉनचा आणला, तो गरम जाळीवर वितळला. मग ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा केला, तो चिमट्यातून सटकून गवतात गेला आणि दिवसभर उन्हात चमकत राहिला. शेवटी एका मित्राने अस्सल उपाय सांगितला: जाळी पंधरा मिनिटं कडकडीत तापवायची, अर्धा कांदा काट्याला टोचायचा आणि त्याने खसाखसा घासायचं. खरोखर निघतं. वासही असा येतो की दोन घरं पलीकडचे लोक जेवायला बसायच्या तयारीने डोकावून जातात.

आणि जूनमध्ये आई आली.

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आली. सामानात मेतकूट, डांगर, भाजणी, फोडणीची मिरची आणि एक नारळाची शेंडी. शेंडी कस्टममध्ये कशी सुटली हे तिलाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती डेकवर गेली आणि कव्हर काढून ग्रिल न्याहाळू लागली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग वाकून खालून पाहिलं.

"काय शोधतेस?"

"नाव."

"कंपनीचं पुढे आहे."

"कंपनीचं कशाला? तुझं नाव घातलं नाहीस?"

आमच्या घरी स्टीलचं भांडं आलं की आधी दुकानातच त्यावर नाव कोरून घ्यायचं अशी पद्धत. माझ्या मुंजीतल्या वाट्यांवर तर तारीखसुद्धा आहे. "एवढं मोठं भांडं," आई म्हणाली, "उद्या कुणाच्या कार्यात नेलं तर परत येताना ओळखणार कसं?" शंभर किलोच्या आसपासची ही वस्तू कुणी पंगतीला उसनी नेत नाही, हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. न्यू जर्सीतल्या लोकांच्या सवयी अजून तिला माहीत नव्हत्या.

त्या शनिवारी मी घासत असताना ती चहा घेऊन शेजारी येऊन बसली. संधी साधून मी तिला स्टेनलेसचं रहस्य सांगितलं. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात वेगवेगळ्या प्रमाणात क्रोमियम मिसळून बघत होता. त्यातला एक तुकडा गंजेना. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की धातूवर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पडदा तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पडदा आपोआप भरून निघतो. "म्हणजे आई, हे स्टील स्वतःची काळजी स्वतः घेतं."

"मग तू काय करतोयस इथे सकाळपासून?"

या प्रश्नाला शेफील्डकडेही उत्तर नसावं. मी विषय बदलून तिला पावडरीचा डबा दाखवला. या पावडरीची गोष्टही तिला आवडेल असं वाटलं. १८८२ मध्ये इंडियानापोलिसमधल्या एका रसायनतज्ज्ञाने पाहिलं की रुबार्ब शिजवलेलं भांडं लख्ख निघालं. रुबार्बमधलं ऑक्झॅलिक आम्ल त्याने हेरलं आणि त्यातून ही पावडर आली. आईने रुबार्ब म्हणजे काय ते विचारलं. मी फोनवर चित्र दाखवलं. तिने पानं पाहिली, देठ पाहिले आणि म्हणाली, "हा तर आंबट चुक्याचा भाऊबंद दिसतोय. चुक्याची भाजी केली की पातेलं घासावं लागत नाही, हे तुझ्या आजीला माहीत होतं. तिने डबे विकले नाहीत एवढंच." मी नंतर शोधून पाहिलं. चुका आणि रुबार्ब खरोखरच एका कुळातले निघाले, आणि आंबटपणाही त्याच आम्लाचा. हे मी आईला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, आषाढी एकादशी ६ जुलैला आली. तेव्हा कांदेनवमी कुठे आली? चार जुलैला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि आमचा कांदे संपवण्याचा दिवस एकच. आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. त्यामुळे घरातले कांदे आणि वांगी संपवण्यासाठी आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी अशी दुहेरी पार्टी ठरली. पंचवीसेक माणसं. ग्रिलच्या मधोमध ॲल्युमिनियमचा कागद उभा दुमडून सीमा आखली: डावे दोन बर्नर शाकाहारी, उजवे तीन मांसाहारी. चिमटेही दोन, शाकाहारी चिमट्याला हिरवी पट्टी. बाजूच्या सहाव्या बर्नरवर आईची कांदाभजी.

बर्नर पेटवले. डावे दोन निळे, जोमदार. उजवे तीन पिवळे आणि मलूल. चिकनवाल्या मंडळींनी गॅसची टाकी हलवून पाहिली. २० पौंडांची म्हणतात ती टाकी बदलून आणली की तीत बहुधा १५ पौंडच गॅस असतो, यावर तिथल्या तिथे परिसंवाद झाला. आईने ओलं फडकं आणून टाकीवरून फिरवलं आणि कुठून वाळत येतंय ते बघून सांगितलं, "अर्धी भरलेली आहे." साताऱ्यातला सिलिंडर आणि जर्सीतली टाकी यांत तिने फरक केला नाही आणि ती बरोबर होती. मग ब्रिस्केट आजोबांना बोलावलं. त्यांनी एक बर्नर काढून नळीत बॅटरी टाकली. "कोळी," ते म्हणाले.

तीनही नळ्यांत कोळ्यांनी जाळी विणली होती. त्यांना अशी अरुंद नळी फार भावते. असल्या कोळ्यांपायी २०११ साली एका जपानी मोटार कंपनीला अमेरिकेतल्या हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. ते पेट्रोलच्या टाकीच्या नळीत घर करत. आमच्याकडच्या कोळ्यांनी नेमके मांसाहारी बर्नर निवडले होते, त्यामुळे त्यांच्या धर्माविषयी शाकाहारी बाजूला कमालीचा आदर निर्माण झाला.

"तात्पुरते इकडच्या दोन बर्नरवर भाजू द्या," चिकनवाले म्हणाले.

"सीमा म्हणजे सीमा," पनीरवाले म्हणाले.

आजोबांनी नळ्या साफ करेपर्यंत काळोख पडला, आतषबाजी सुरू झाली, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा सोहळा चिकनवाल्यांनी कांदाभजी आणि पावावर साजरा केला. आजोबा स्वतः भजी खात होते. "याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, आजच खाऊन घ्या. परवापासून नाही."

आणि खरंच, परवापासून काहीच नाही. दिवाळीनंतर चातुर्मास सरला तरी वांगं सुटत नाही. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला देवाला भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवल्याशिवाय आई वांग्याला हात लावत नाही. म्हणजे अमेरिकेचा ग्रिलचा उरलेला हंगाम वांग्याविना. ज्या वांग्यासाठी ही शेगडी आणली, त्या वांग्यावर नेमकी हंगामाच्या काळात घरात बंदी. मग मला दुसरा उद्योग उरला नाही. वापर थांबला, निगा वाढली. श्रावणात मी दर शनिवारी ग्रिल पुसत होतो. कव्हर घालावं तर आत ओल धरते, काढावं तर धूळ आणि पराग बसतात. म्हणून उन्हात काढायचं, ढगात घालायचं असा क्रम ठेवला. हवामानाचा अंदाज मी पूर्वी कधी बघत नसे. आता ऑफिसातल्या मीटिंगमध्ये खिडकीबाहेर आभाळ आलं की माझं चित्त उडायचं.

एकदा जाळी आतून मेणचट झाली म्हणून मी सवयीने अर्धा कांदा घेतला. आई दारातून ओरडली, "चातुर्मासात कांदा?"

"खात नाही आई, घासतोय."

"वास आत येतोय ना? मग झालं."

शेवटी लिंबावर तडजोड झाली. आई लिंबाला मीठ लावायला निघाली होती, मी क्लोराइडचं कारण देऊन ते थांबवलं. "मिठानेसुद्धा याला बाधतं?" तिने ग्रिलकडे दयेने पाहिलं. "आणि हे म्हणे स्वयंपाकाचं भांडं." आत जाता जाता बायकोला म्हणाली, "घरातली भांडी घासायला मशीन, आणि अंगणातलं भांडं घासायला नवरा. तुझं बरं आहे." बायकोने मान डोलावली. मशीनमधली भांडी बाहेर काढण्याची पाळी माझी होती.

चंपाषष्ठी आली २६ नोव्हेंबरला. बुधवार, दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग. तोपर्यंत मी ग्रिलची हिवाळ्याची सगळी व्यवस्था लावून टाकली होती. बर्नर काढून पुसून परत बसवले, नळ्यांच्या तोंडांना कोळी शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावली, आत तेलाचा हात फिरवला, वरून कव्हर घालून पट्टे आवळले. आई सकाळी आठ वाजता म्हणाली, "बाराच्या आत नैवेद्य झाला पाहिजे. शेगडी उघड."

"आज? आज थंडी आहे, आई. घरातच—"

छतावरच्या भोंग्याने माझ्याकडे पाहिलं असावं. मी कोट चढवला.

ऑफिसची मीटिंग सुरू होती. फोन कोटाच्या खिशात, कानात यंत्र, माझा आवाज बंद. घाईत मी बर्नरची बटणं आधी उघडली आणि टाकीचा नॉब नंतर. असं केलं की रेग्युलेटरला वाटतं कुठेतरी गळती आहे, आणि तो स्वतःहून गॅस रोखून धरतो. सावधपणाची ही सोय ज्याने केली तो थोर माणूस असेल, पण पाचही बर्नरवर निरांजनाएवढी ज्योत आली.

"फुंकणी आण," आई म्हणाली.

मी सगळं बंद केलं, नळी सोडवली, थोडा थांबलो, पुन्हा जोडली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं, नॉब मिलिमीटर मिलिमीटरने उघडला. कानात कुणीतरी पुढच्या तिमाहीचे आकडे वाचत होतं. बर्नर भडकले. आईने ग्रिलच्या लखलखीत झाकणाला हळदकुंकवाची पाच बोटं लावली. मी तेल लावून, सुरीने टोचून ठेवलेली अमेरिकन वांगी जाळीवर मांडली. ही वांगी आपल्या भरताच्या वांग्यांपेक्षाही आडदांड, त्यांच्यात पाणी फार. त्यातलं एक टोचायचं राहिलं असावं. दहाव्या मिनिटाला ते फुटलं. गर झाकणाच्या आतल्या बाजूला, मग तापमापकावर, मग माझ्या कोटावर. उरलेली बर्नरवर ठिबकून करपली आणि त्यांचा काळाभोर, खमंग धूर कुंपणापलीकडे गेला.

"आता बघ वास कसा सुटला," आई समाधानाने म्हणाली. "उन्हाळाभर नुसतं पुसत होतास."

तिने तळी भरायला सगळ्यांना डेकवरच बोलावलं, कारण शेगडी सोडून मला आत येता येईना. ताम्हनात खोबरं, सुपारी, भंडारा. आई, बायको, शाळेला लवकर सुट्टी झालेली मुलगी आणि चिमटा धरलेला मी अशा चौघांनी ताम्हन वर उचललं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा उधळला. तो सगळा स्टीलवर बसला, आणि नेमका रेघांच्या आडवा. त्याच क्षणी कानातलं यंत्र बोललं, "कुणाचा तरी माइक चालू आहे का?"

कुंपणापलीकडून ब्रिस्केट आजोबा टर्की मिठाच्या पाण्यात भिजवता भिजवता तसेच धावत आले होते. हातात आग विझवायचं नळकांडं. ग्रिलचं रूप पाहून ते बोलू शकले नाहीत. आईने पुढे होऊन त्यांच्या कपाळाला भंडारा लावला आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, जेवून जा."

"उद्या माझ्याकडे चौदा माणसं आहेत," आजोबा म्हणाले. "पण हा वास कसला?"

आईने भरीत कालवलं. कांद्याची पात, लसूण, वर कच्चं तेल. महिनोनमहिने वर्ज्य असलेलं सगळं एकदम. नैवेद्य झाल्यावर तिने साताऱ्याहून आणलेला स्टीलचा डबा भरला, वर रोडग्याचा तुकडा ठेवला आणि मुलीच्या हाती कुंपणापलीकडे धाडला. डब्यावर तिचं नाव होतं, त्यामुळे तो परत येण्याविषयी तिला शंका नव्हती.

मी संध्याकाळपर्यंत घासत होतो. हळद स्टीलवरून सहज जाते असं म्हणतात. तिच्यात तेल आणि वांग्याचा गर मिसळला नसेल तर.

शनिवारी आजोबा डबा घेऊन आले. भरीत टर्कीच्या आधी संपलं, मुलगा तर त्याला सॅलड समजून दोनदा घेत होता, असं त्यांनी सांगितलं. डबा त्यांनी आईच्या हातात दिला. असा झळाळत होता की आईने आधी उलटा करून तळावरचं नाव वाचलं, तेव्हा कुठे तिची खात्री पटली. मग तिने झाकण उघडलं. आत स्टील पॉलिशची एक नवीकोरी बाटली होती आणि घडी घातलेलं मऊ फडकं.

"हे काय दिलंय? खायचं आहे का?"

"नाही आई. शेगडी पुसायचं आहे."

आईने झाकण लावलं आणि आजोबांकडे कौतुकाने पाहिलं. "रीतभात आहे हो माणसाला," ती म्हणाली. "डबा रिकामा नाही धाडला."